हातोडा गेला, घड्याळ आलें

“एक वार, दोन वार, तीन वार!” ही आरोळी ज्यानें कधींच ऐकली नाहीं असा मनुष्य आमच्या वाचकांत विरळाच असेल. देवस्थानच्या आमराईचा मक्ता असो, कचेरीच्या आवारांतील वठलेल्या झाडाचें लांकूड असो, किंवा दुर्दैवानें कोणा कर्जबाजारी गृहस्थाच्या दारांतील जप्तीचा माल असो. चार माणसें जमावीं, एकानें पुकारावें, दुसऱ्यानें चढवावें आणि तिसऱ्या पुकाऱ्याबरोबर सौदा पक्का व्हावा, ही रीत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. ‘लिलाव’ हा शब्द मूळचा पोर्तुगीजांचा. पाव, चावी, बटाटा या शब्दांच्या सोबतीनें तो आपल्या भाषेंत आला व इतका रुजला कीं, त्याचें परकेपण आतां कोणास जाणवत नाहीं. वऱ्हाड-नागपुराकडे यालाच हर्रास म्हणतात.

गेल्या तीस वर्षांत मात्र या जुन्या व्यवहाराचें रूप पालटलें आहे. जुनीं नाणीं, चित्रें, शेतमाल, कोळशाच्या खाणी, इतकेंच नव्हे तर बँकेकडे गहाण पडलेलीं राहतीं घरें, यांचे लिलाव आतां ऑनलाइन होतात. बोली लावणारा मुंबईस, माल नाशकास आणि पुकारणारा तर कोठेंच नाहीं! पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, लिलाव तोच. फक्त मांडवाच्या जागीं मोबाइल आला. आम्हांस ही समजूत अपुरी वाटते. समोरासमोरच्या लिलावांत घेणाऱ्याचें आणि देणाऱ्याचें जें थोडेंबहुत रक्षण होई, तें चारचौघांच्या डोळ्यांमुळें होई. ऑनलाइन लिलावांत हे डोळे नाहींत. त्यांचें काम अटींच्या कागदाकडे गेलें आहे. हा भेद ज्यानें ओळखला नाहीं त्यास नवी रीत महाग पडण्याचा संभव आहे. म्हणून तिचा थोडा तपशिलानें विचार करूं.

माल पाहण्याची रीत

नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवची बाजारपेठ कांद्याच्या व्यापाराकरितां देशभर प्रसिद्ध आहे. तेथें कांद्यानें भरलेल्या वाहनांची रांग लागते. व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापासून दुसऱ्या वाहनाकडे सरकत जातो. कोणी चार कांदे उचलतो, पापुद्रा चोळून पाहतो, ओल आहे कीं काय तें अंदाजतो आणि भाव पुकारला जातो. शेतकरी शेजारींच उभा असतो. येथें मालाची परीक्षा हात आणि डोळे करतात व ती सर्वांच्या देखत होते.

१४ एप्रिल २०१६ रोजीं केंद्र सरकारनें ‘ई-नाम’ ही योजना सुरू केली. आरंभीं ८ राज्यांतील २१ बाजार तिच्यांत सामील झाले. हेतु असा कीं, गांवच्या मूठभर व्यापाऱ्यांवर शेतकऱ्यानें अवलंबून राहूं नये. लांबच्या व्यापाऱ्यासही आपल्या जागीं बसून बोली लावतां यावी. हेतु उत्तम, यांत शंका नाहीं. परंतु लांबच्या व्यापाऱ्यास पापुद्रा चोळतां येत नाहीं. त्यानें बोली लावावयाची ती कोणीतरी तपासून ठरविलेल्या प्रतवारीच्या भरंवशावर. म्हणजे बाजारांत पूर्वीं जें काम दहा व्यापाऱ्यांचे हात करीत, तें आतां एका तपासनिसाच्या दाखल्यावर येऊन ठेपलें. दाखला खरा असेल तर शेतकऱ्यास दहा गांवचीं गिऱ्हाइकें मिळतील. दाखल्यावर कोणाचा विश्वासच नसेल तर उत्तम यंत्रणा असूनही बोली लावणारे पुन्हां गांवचेच उरतील.

लांबच्या गिऱ्हाइकाची महती किती असते, हें या प्रकारच्या एका सुप्रसिद्ध पेढीच्या जन्मकथेंत दिसून येतें. सप्टेंबर १९९५ मध्यें अमेरिकेंत पिअर ओमिडियार या तरुणानें एक लिलावाचें संकेतस्थळ काढलें. तेंच पुढें ‘ईबे’ या नांवानें जगभर पसरलें. तेथें आरंभीं विकली गेलेली वस्तु म्हणजे लेसर किरणांचा एक मोडका दर्शक. त्यास १४ डॉलर ८३ सेंट आले. ओमिडियारला नवल वाटलें व त्यानें घेणाऱ्यास विचारलें, “वस्तु मोडकी आहे, हें आपणांस ठाऊक आहे ना?” त्या गृहस्थानें उत्तर दिलें कीं, मोडके दर्शक जमविण्याचाच त्याला छंद आहे! कोणत्याही एका गांवच्या लिलावांत असा छांदिष्ट सांपडला नसता व ती वस्तु केराच्या टोपलींत गेली असती. ऑनलाइन लिलावाचा खरा गुण हाच आहे. ज्या वस्तूचा चाहता हजारांत एक, तिला तो चाहता शोधून देण्याची शक्ति त्याच्या अंगीं आहे.

बोलणारे कोण?

जुन्या लिलावाचे गोडवे गातांना त्याचीं व्यंगें विसरून चालणार नाहीं. आपल्या बाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची पद्धत दीर्घकाळ चालत होती. दलाल व व्यापारी यांचे हात कापडाखालीं, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाहेर त्यांच्या तोंडाकडे पाहत उभा! उघड पुकाऱ्याची पद्धत आली ती याच्या विरोधांत. पण उघड पुकाऱ्यांतही व्यापारी आपसांत संगनमत करूं शकतात: आज तूं घे, मी गप्प बसतों, उद्यां मी घेईन, तूं गप्प बैस. हा रोग केवळ आपल्याच देशांत नाहीं. अशा संगनमतास आळा घालण्याकरितां इंग्लंडांत १९२७ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. जेथें बोलणारे थोडे व रोजचे ओळखीचे, तेथें हा धोका नेहमींचाच.

बोलणारे जवळपासचेच असले म्हणजे काय होतें, याचा एक क्लेशकारक दाखला आपल्या इतिहासांत आहे. १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें आणि पुढच्याच वर्षीं भोंसल्यांच्या वाड्यांतील हत्ती, घोडे व बैल सीताबर्डीच्या बाजारांत लिलावानें काढण्यांत आले. हीं जनावरें कवडीमोलानें गेलीं, असें इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. जडजवाहीर तर विक्रीसाठीं कलकत्त्यास गेलें. हजारों डोळे तेथें साक्षी होते. पण विकणारा सत्ताधारी, विकावयाचें ठरलेल्या दिवशींच, आणि राजाचे हत्ती पोसण्याची ऐपत असलेलीं गिऱ्हाइकें त्या बाजारांत कितीशीं असणार? चारचौघांचे डोळे लबाडी उघडकीस आणूं शकतात. भाव चढविण्यास मात्र गिऱ्हाइकच लागतें.

त्याच घराण्याच्या संस्थापक पुरुषाची, म्हणजे पहिल्या रघूजी भोंसल्यांची, तलवार २९ एप्रिल २०२५ रोजीं लंडनच्या सदबीज् या १७४४ पासून चालत आलेल्या पेढींत लिलावास निघाली. महाराष्ट्र सरकारनें एका मध्यस्थामार्फत ती मिळविली. वाहतूक, विमा वगैरे धरून खर्च सुमारें ४७ लाख १५ हजार रुपये झाला, असें सरकारनें जाहीर केलें. आणि ऑगस्टमध्यें तलवार मुंबईस आली. अशा जुन्या पेढ्यांचा हातोडा अजून खोलींतच पडतो. परंतु खोलींत न बसतां दूरध्वनीवरून व संगणकावरून बोली लावण्याची सोय त्यांनीं केली आहे. सीताबर्डीस जवळच्यांवांचून कोणी नव्हतें. लंडनास आतां सारें जग बोलतें. विकणाऱ्याच्या दृष्टीनें हा फायदा थोडाथोडका नव्हे.

परंतु दूरस्थ मनुष्याचें तोंड दिसत नाहीं, हेंही तितकेंच खरें. भाव चढविण्यासाठीं विकणाऱ्यानें आपलाच मनुष्य गर्दींत उभा करणें ही जुनी लबाडी आहे. आपल्या १९३० सालच्या मालविक्री कायद्याच्या ६४ व्या कलमांत तिचा स्पष्ट विचार केला आहे. विकणाऱ्यानें बोली लावण्याचा हक्क आगाऊ जाहीरपणें राखून ठेवला नसेल, तर त्यानें किंवा त्याच्या माणसानें बोली लावूं नये. आणि खोटी बोली लावून भाव फुगविला असेल तर घेणाऱ्यास तो सौदा रद्द करतां येतो. खोलींतील लिलावांत हा गर्दींतला मनुष्य निदान दिसत तरी असे. “अहो, हे तर शेटजींचे मेहुणे!” असें कोणीतरी कानांत सांगे. पडद्यावर मेहुण्याच्या जागीं एक अक्षर आणि चार तारे दिसतात. तेथें ओळख पटविण्याचें एकच साधन, तें म्हणजे विकणाऱ्याची मागील नोंद. १९९६ सालीं ओमिडियारनें घेणाऱ्यानें व विकणाऱ्यानें परस्परांविषयीं अभिप्राय लिहून ठेवण्याची प्रथा सुरू केली, ती याच अडचणीवर तोड म्हणून. गांवांत पत जिभेवर चालते, येथें ती लिहून ठेवावी लागते. आणि लिहिलेलें कोणी वाचलेंच नाहीं तर तिचा उपयोग शून्य.

शेवटचा क्षण

लिलाव संपतो केव्हां? समोरासमोरच्या लिलावांत याचें उत्तर सोपें आहे: आणखी कोणी बोलेनासें झालें म्हणजे. हातोडा पडेपर्यंत बोली मागें घेण्याचा हक्कही कायदा घेणाऱ्यास देतो. ऑनलाइन लिलावांत पुष्कळदां शेवट ठरवितो तो मनुष्य नव्हे, घड्याळ. आणि एकदां लावलेली बोली सहसा परत घेतां येत नाहीं.

घड्याळानें लिलाव संपविण्याची कल्पना मात्र वाटते तितकी नवी नाहीं. सतराव्या शतकांत इंग्लंडांत मेणबत्तीचा लहानसा तुकडा पेटवून लिलाव करीत. ज्योत विझण्यापूर्वीं जो शेवटीं बोलेल त्याचा माल. आरमारखात्यांतील अधिकारी सॅम्युअल पेपिस यानें १६६२ सालच्या रोजनिशींत अशा एका विक्रीची गमतीदार हकीकत नोंदविली आहे. जुन्या जहाजांच्या त्या लिलावांत एक चतुर मनुष्य नेमका अखेरच्या क्षणीं बोलत असे. त्याला रहस्य विचारतां त्यानें सांगितलें कीं, ज्योत विझण्याच्या ऐन वेळीं धूर खालीं वळतो. तो पाहिला कीं बोलावें!

ही युक्ति साडेतीनशें वर्षांनीं पुन्हां अवतरली. आल्विन रॉथ व आक्सेल ओकेनफेल्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं २००२ सालीं दोन संकेतस्थळांची तुलना प्रसिद्ध केली. ईबेवर ठरलेल्या क्षणीं लिलाव बंद होई; त्या वेळीं अमेझॉनवर चालणाऱ्या लिलावांत शेवटच्या दहा मिनिटांत बोली आल्यास मुदत आपोआप वाढे. माल तसाच, माणसें तशींच. पण ईबेवर शेवटच्या क्षणीं बोली टाकणारे कितीतरी अधिक आढळले, आणि मुरलेलीं गिऱ्हाइकें तर तेथें मुद्दाम शेवटपर्यंत थांबत. एका अटीनें माणसांची वागणूक अशी पालटते. आपल्याकडील बँकांच्या लिलावांत बहुधा दुसरी रीत असते: शेवटच्या पांच-दहा मिनिटांत नवी बोली आली कीं तितकीच मुदत वाढते. कोणती अट लागू आहे हें न पाहतां जो बसतो, तो एकतर अकारण घाई करतो किंवा अकारण थांबतो.

याच ठिकाणीं संसारी माणसाच्या हिताचा मुद्दा येतो. अनेक ऑनलाइन लिलावांत आपली कमाल रक्कम एकदांच गुप्तपणें नोंदवून ठेवतां येते. मग संगणक आपल्या वतीनें पायरी-पायरीनें बोली चढवितो, आणि जिंकल्यास आपणांस द्यावी लागते ती दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून थोडीशीच अधिक रक्कम. १९९६ सालचें नोबेल पारितोषिक मिळविणारे विल्यम विक्री यांनीं १९६१ सालींच असें सिद्ध केलें होतें कीं, जिंकणाऱ्यानें दुसऱ्या क्रमांकाची रक्कम द्यावयाची असा नियम असला, म्हणजे प्रत्येकानें आपणांस वस्तूची जी खरी किंमत वाटते तीच सांगण्यांत त्याचें हित असतें. अर्थात् शांत चित्तानें, दिवसाउजेडीं, घरच्यांशीं बोलून रक्कम ठरवावी व नोंदवून मोकळें व्हावें. खोलींतील लिलावांत कोणी ईर्ष्येस पेटलें तर शेजारचा बाही ओढून त्याला थांबवी. रात्रीं अकरा वाजतां एकटाच मोबाइल घेऊन बसलेल्या तरुणाची बाही कोण ओढणार?

शिवाय जिंकणें म्हणजे नेहमींच लाभ नव्हे. १९७१ सालीं अमेरिकेंतील एका तेलकंपनीच्या तीन इंजिनियरांनीं दाखवून दिलें कीं, तेलाच्या जमिनींच्या लिलावांत बहुधा तोच जिंकतो ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो. समोर बसलेले जाणते लोक एकामागून एक गप्प झाले कीं आपल्या मनांत पाल चुकचुकते. पडद्यावर नुसता आंकडा थांबलेला दिसतो. इतर कां थांबले, त्यांनीं भिंतीची ओल पाहिली होती काय, हें तो आंकडा सांगत नाहीं.

घराचा लिलाव

वस्तूंचें एक वेळ ठीक; पण जेव्हां राहतें घर लिलावास निघतें, तेव्हां हा भेद जिव्हारीं लागतो. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेंत मिळकतीची जप्ती व विक्री ही दवंडी पिटून किंवा स्थानिक रूढीप्रमाणें त्या जागीं जाहीर करण्याविषयीं सांगितलें आहे. त्या दवंडीनें घराची अब्रू जाई हें खरें. पण तीच दवंडी ऐकून एखादा मामा, एखादा दूरचा चुलता पैसे घेऊन धांवतही येई. आणि कायदाही अगदींच निष्ठुर नव्हता. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरुणें-पांघरुणें व धर्मरूढीप्रमाणें स्त्रीला जे अलंकार अंगावेगळे करतां येत नाहींत ते, यांवर ६० व्या कलमानें जप्ती येत नाहीं. घर विकलें गेल्यावरही साठ दिवसांच्या आंत जाहीरनाम्यांतील देणें आणि घेणाऱ्यास विक्रीच्या रकमेवर शेंकडा ५ भरल्यास विक्री रद्द करून घेण्याची सवलत आहे.

बँकांच्या कर्जाकरितां मात्र २००२ सालीं निराळा कायदा झाला. ‘सरफेसी’ या नांवानें तो ओळखला जातो. कर्ज थकल्यावर बँक ६० दिवसांची नोटीस देते. तेवढ्यांत फेड न झाल्यास कोर्टांत दावा न लावतां तारणाचा ताबा घेऊं शकते. आणि विक्रीची निदान ३० दिवसांची नोटीस देऊन लिलाव पुकारूं शकते. शेतजमिनीस हा कायदा लागू नाहीं. आतां यांतील महत्त्वाचें कलम पाहा. २०१६ सालच्या दुरुस्तीनुसार कर्ज फेडून घर सोडविण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वींच बजावला पाहिजे. आणि २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तोच अर्थ कायम केला. कोर्टाच्या लिलावांत विक्रीनंतर साठ दिवस दार किलकिलें राहतें. येथें जाहिरात छापली कीं तें लागतें. बँकेच्या ताबा घेण्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते, पण त्यासही ४५ दिवसांची मुदत आहे.

एकत्र कुटुंबांत याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो, हें सांगावयास नकोच. वडिलांनीं कोणा आप्ताच्या कर्जास जामीन म्हणून घर लावून दिलेलें असतें. नोटीस येते ती त्यांच्या नांवें, आणि मनाच्या क्लेशामुळें किंवा संकोचामुळें ते ती कपाटांत ठेवून देतात. मुलें पुण्यास, बंगळुरास वा परदेशीं. पूर्वीं दारांत दवंडी झाली कीं सारी आळी जागी होई. आतां संकेतस्थळावर घराचा फोटो झळकतो तो घरांतल्यांखेरीज साऱ्या देशास दिसतो. ज्याच्या घरीं अशी नोटीस येईल त्यानें ती लपवूं नये. त्याच दिवशीं घरांतील कर्त्या माणसांसमोर ठेवावी. साठ दिवसांपैकीं प्रत्येक दिवस मोलाचा आहे.

घर घेणाऱ्यासही सावधगिरी तितकीच अवश्य. स्वस्तांत घर मिळाल्याची बातमी ऐकून पुष्कळांस मोह होतो. अशा लिलावांत मिळकत ‘जशी आहे तशी, जेथें आहे तेथें’ या अटीवर विकतात. बोली मान्य झाल्यावर त्याच दिवशीं, निदान दुसऱ्या कामकाजाच्या दिवशीं, अनामत धरून किंमतीचा चौथा हिस्सा भरावा लागतो. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, किंवा लेखी कबुलीनें वाढवून घेतल्यास फार तर तीन महिन्यांत. चुकल्यास भरलेले पैसे बुडतात. बँकेचा ताबा प्रत्यक्ष आहे कीं कागदोपत्रींच आहे, आंत कोणी राहतें काय, सोसायटीची व नगरपालिकेची थकबाकी किती, या गोष्टी जागेवरच्या लिलावांत शेजारी आपण होऊन सांगत. आतां त्या विचारण्यासाठीं आपणांसच तेथवर गेलें पाहिजे.

आमच्या मतें, जुनी रीत सर्वथा चांगली नव्हती व नवी सर्वथा वाईट नाहीं. रुमालाखालच्या भावापेक्षां सर्वांस दिसणारा पडद्यावरचा आंकडा केव्हांही बरा. शेतकऱ्यास परगांवचें गिऱ्हाइक मिळणें, दुर्मिळ वस्तूस तिचा चाहता भेटणें, हा लाभ खराच आहे. परंतु पूर्वीं गर्दी आपल्यासाठीं जें फुकट करी, तें आतां आपलें आपण केलें पाहिजे. माल स्वतः किंवा विश्वासू माणसाकरवीं पाहावा. विकणाऱ्याची मागील नोंद वाचावी. लिलाव कसा संपतो व पैसे केव्हां भरावयाचे हें आधीं समजून घ्यावें. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, रक्कम घरांत चारचौघांत ठरवून कागदावर लिहावी व तिच्या पुढें एक रुपयाही जाऊं नये. मांडवांतले चारचौघे गेले असले तरी घरांतले अद्याप आहेत. बोली लावण्यापूर्वीं त्यांस विचारावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.